लेकरांना बंदी नको, वाचनालयाची घडी बसवा

पत्र: तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. जोडीला एक शिपाई, बस्स. उन्हाळी सुट्टी लागली की सकाळी दहापासून वीस-पंचवीस लेकरं येतात. काहींचे आईबाप त्यांना दारात सोडून बाजाराला नाहीतर कामाला निघून जातात. मागच्या सुट्टीत एक पोरगा रॅकवर चढला, रॅक पुढं झुकला आणि वरचे जाडजूड कोश खाली आले. नशिबानं कुणाला लागलं नाही. एकदा बंद करायच्या वेळी सात वर्षांची मुलगी तासभर पायरीवर बसून राहिली, तिला न्यायला कुणी आलंच नाही. एक वयस्कर गृहस्थ रोज बालविभागात पेपर घेऊन बसतात. मला ते खटकतं, पण बोलायचं कसं? अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची मुलं गोंगाटाची तक्रार करतात. पुस्तकं फाटतात ती वेगळीच. आता कार्यकारी मंडळ म्हणतंय, बारा वर्षांखालच्यांना प्रवेशच बंद करू. मी काय करू?
— एक ग्रंथपाल, बीड जिल्हा

ताई,

बंदीच्या ठरावाला विरोध करा, पण रिकाम्या हातानं बैठकीला जाऊ नका. दुसरा ठराव लिहून न्या. तुम्ही सांगितलेल्या अडचणींपैकी एकीचंही मूळ लेकरांच्या वाईट वळणात नाही. रॅक भिंतीला बांधलेला नव्हता. मुलीला कोण नेणार ते कुठं लिहून घेतलेलं नव्हतं. बालविभागात कुणी बसायचं हे ठरलेलं नव्हतं. अभ्यासिका आणि बालविभाग एकाच वेळी चालतात आणि मध्ये दारही नसावं असं दिसतं. ही सगळी मोठ्यांनी लावायची व्यवस्था आहे.

मंडळाला आणखी एक सांगा. मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो. पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही, आणि वाचनालयात कूलर असतो. लेकरं गारव्यालाही येतात, आणि त्यात काही गैर नाही. दार बंद केलं तर ती घरी जाणार नाहीत. विहिरीवर, तळ्यावर, नाहीतर रस्त्यावर जातील. शिवाय १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता आणि अनुदान घेणारं वाचनालय साऱ्या गावाचं असतं. आठ वर्षांच्या वाचकाला हाकलून अठराव्या वर्षी सभासद कुठून मिळणार?

आता कामाचं बोलू. पहिलं काम रॅकचं, आणि ते सुट्टी लागायच्या आधीच झालं पाहिजे.

वाचनालयातला लोखंडी रॅक साडेसहा फूट उंच आणि जेमतेम बारा ते पंधरा इंच खोल असतो. जड खंड वर आणि पातळ पुस्तकं खाली अशी मांडणी असली की सगळा भार माथ्यावर जातो. वीस-पंचवीस किलोचं लेकरू खालच्या फळीवर पाय देऊन वरची फळी धरून मागं झुकलं की रॅक पुढं येणारच. तेव्हा कोश, शब्दकोश, बांधीव मासिकं सगळ्यात खालच्या दोन फळ्यांवर आणा. लेकरांची पुस्तकं चार फुटांच्या वर ठेवूच नका. हात पोचला की चढायची गरज पडत नाही. नंतर प्रत्येक रॅक वरच्या बाजूला दोन ठिकाणी एल-पट्टीनं भिंतीला बांधा. बोल्ट रॅकच्या उभ्या अँगलमधून गेला पाहिजे. फळीच्या पत्र्याला लावलेला बोल्ट पत्रा वाकवून निघून येतो. वीट-सिमेंटच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ८ मिलिमीटरचा अँकर फास्टनर पुरतो. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत मात्र तो धरत नाही, माती भुसभुशीत होऊन बोल्ट पोकळ फिरत राहतो. अशा इमारतीत रॅक पाठीला पाठ लावून एकमेकांना बोल्टनं जोडा आणि समोरासमोरच्या रांगा माथ्यावर लोखंडी अँगल टाकून एकत्र बांधा. जोडलेली रांग सहजासहजी कलंडत नाही. काम झाल्यावर खांद्याच्या उंचीवर हातानं जोरात ढकलून पाहा. जरा जरी हललं तरी मिस्त्रीला परत बोलवा.

दोन रांगांमध्ये तीन फूट जागा ठेवा आणि रांगांची तोंडं तुमच्या टेबलाकडं करा, म्हणजे खुर्चीतून उठल्याशिवाय प्रत्येक गल्लीच्या शेवटापर्यंत नजर जाईल. रांगा टेबलाला आडव्या असल्या की मागची गल्ली आंधळी होते. पुस्तकं फाटतात ती तिथंच, आणि याहून वाईटही तिथंच घडतं. रांगा हलवणं जमणारच नसेल तर कोपऱ्यात दुकानात असतो तसा बहिर्गोल आरसा लावा. काचेच्या दारांची कपाटं बालविभागातून काढा. निघत नसतील तर खालच्या काचा काढून तिथं जाळी बसवा.

कूलरबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण मला तो रॅकपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. लोखंडी बॉडीच्या कूलरमधला पंप पाण्यात बुडालेला असतो. त्याच्या वायरचं आवरण गेलं की पाण्यात आणि सगळ्या बॉडीत करंट येतो. अर्थिंग नीट असेल तर फ्यूज उडतो. नसेल तर अनवाणी लेकरानं ओला हात लावायचा अवकाश. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीनच कोरडी ठणठणीत होते, त्यामुळं पावसाळ्यात बरी असलेली अर्थिंगसुद्धा नेमकी कूलर लावायच्या दिवसांत कमजोर पडते. मार्चमध्ये वायरमन बोलावून अर्थिंग मोजून घ्या, अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतत जा, आणि कूलरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा खटका, बसवून घ्या. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. खटका पडला नाही तर आरसीसीबी बदलायचा. प्लग तीन पिनांचाच हवा. कूलरमध्ये पाणी भरायचं ते बटण बंद करून आणि प्लग काढूनच, आणि ते काम शिपायाचं. लेकरांना हौस असते, पण पाइप त्यांच्या हातात द्यायचा नाही. शक्य असेल तर कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा, आत फक्त वारा येऊ द्या. इन्व्हर्टरची बॅटरी कुलपाच्या पेटीत जाऊ द्या.

यानंतर पुस्तकं टिकवायला आपण जे वापरतो ते पाहा. डांबरगोळ्या पांढऱ्या, गुळगुळीत, पेपरमिंटसारख्या दिसतात आणि नेमक्या खालच्या फळीच्या कोपऱ्यात पडलेल्या असतात. नॅप्थलीनची एक गोळीसुद्धा लहान लेकराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडू शकते. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते त्यांना धोका फार मोठा, आणि ती आहे हे बऱ्याचदा घरच्यांनाही ठाऊक नसतं. बालविभागातून गोळ्या पूर्ण काढा. तिथं कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि महिन्याला फळ्या झटका. कुणी गोळी गिळलीच तर दूध, तेल, तूप काही पाजू नका, स्निग्ध पदार्थांनी ती अंगात जास्त भिनते. उलटीही करवू नका. पुडकं बरोबर घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठा. उंदरांसाठी औषध टाकू नका, पिंजरा लावा. वाळवीची फवारणी शनिवारी संध्याकाळी करून घेतली तर रविवारी वाचनालय बंद ठेवा, सोमवारी खिडक्या उघडून फरशी पुसा, आणि मगच लेकरांना आत घ्या.

जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बालविभागालगत असतील तर तेही हलवा. त्यांच्या खाली विंचू बसतो, विशेषतः पहिल्या पावसानंतर. लाल विंचू चावल्यावर लेकराला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या सुरू झाल्या तर उतारा-मंत्रात वेळ घालवायचा नाही. १०८ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीनं ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथं त्यावर औषध असतं.

पाण्याचा हौद किंवा जमिनीखालची टाकी असेल तर झाकणाला कुलूप. संडासाच्या दाराला बाहेरून उघडता येईल अशी कडी. लेकरू आत अडकलं की घाबरून स्वतःच कडी उघडत नाही. गच्चीचं दार बंद. जिन्याच्या कठड्यात चार इंचांपेक्षा मोठी फट असली तर जाळी. ही कामं एका सकाळची आहेत.

आता माणसांचं. कितव्या वर्षापासून लेकरू एकटं येऊ शकतं हे मंडळानं ठरावानं ठरवायचं. आमची शिफारस अशी: सहाच्या आतल्या लेकराजवळ मोठं माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं हवं. सहा ते नऊ वयाच्यांसोबतचं माणूस इमारतीत कुठंही चालेल, पेपर वाचत बसलं तरी चालेल. दहाच्या पुढचं लेकरू एकटं येऊ द्या, पण घरच्यांनी अर्ज भरून दिला असेल तरच. अर्ज अर्ध्या पानाचा पुरे. त्यात लेकराचं नाव, वय, शाळा, दोन फोन नंबर, न्यायला येणाऱ्या दोन माणसांची नावं, एकटं घरी जायची परवानगी आहे की नाही, आणि दमा, फिट असं काही आहे का, एवढं लिहून घ्या. अर्ज तुमच्या कपाटात राहतील, फलकावर किंवा व्हॉट्सॲपवर कधीच जाणार नाहीत.

तुमच्या जिल्ह्यात एक गोष्ट मुद्दाम पाहावी लागेल. दसरा-दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात आणि लेकरं आजी-आजोबांकडं नाहीतर वसतिगृहात राहतात. अर्जावर बापाचा नंबर असतो, बाप दोन जिल्हे ओलांडून फडावर असतो. म्हणून एक नंबर गावात हजर असलेल्या माणसाचाच घ्या आणि दिवाळीनंतर सगळे नंबर एकदा लावून पाहा.

दहा वर्षांची पोरगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन आली तर तिला मोठं माणूस धरता येणार नाही. पण तिला परत पाठवणं मला पटत नाही. घर सांभाळून ती पुस्तकापर्यंत पोचली आहे. तिला तुमच्या टेबलाशेजारी सतरंजीवर बसवा, अर्ध्या तासात पुस्तकं निवडू द्या आणि एकाऐवजी तीन घरी न्यायची मुभा द्या. आईशी बोला, पण पोरीला ओशाळं वाटेल असं नाही.

वेळ ठरवा. दिवसभर दार उघडं आणि करायला काही नाही, तर लेकरं पळणारच. सुट्टीत बालविभाग सकाळी नऊ ते अकरा ठेवा. दुपारी फक्त सोबत मोठं माणूस असलेल्यांना. तुम्ही दोघंच आहात, तेव्हा शिपाई बँकेत किंवा पोस्टात गेला असेल त्या दिवशी बालविभाग उघडायचाच नाही, तसं दारावर लिहायचं. निवृत्त शिक्षिका किंवा डी.एड. करणारी मुलं मदतीला आली तर चांगलंच, पण ओळखपत्राची प्रत घ्या, गावातल्या दोघांकडं चौकशी करा, आणि एका वेळी दोघांना बोलवा. कुठलंही मोठं माणूस, मग ते तुम्ही असा, अध्यक्ष असोत की नावाजलेले गुरुजी, एकट्या लेकरासोबत बंद खोलीत राहणार नाही. हा नियम सगळ्यांना सारखा ठेवला की कुणावर संशय घ्यावा लागत नाही.

पायरीवर बसून राहिलेल्या त्या मुलीसारखा प्रसंग पुन्हा आला तर काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं. बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी मोठ्यानं सांगा आणि हजेरीवहीत कोण उरलंय ते पाहा. वहीत येण्या-जाण्याची वेळ लिहिलेली असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. वेळ झाली की पहिला नंबर, मग दुसरा. लेकरू आतच बसेल, दर्शनी खोलीत, दिवा लावून, दार उघडं ठेवून, आणि दोन मोठी माणसं थांबतील. मुलगी असेल तर त्यातली एक बाई असावी. बिस्कीट-पाणी द्या. अर्ध्या तासात कुणी आलं नाही तर १०९८ला (लेकरांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ला (पोलीस आणि तातडीची मदत) फोन करून सांगा. हे लेकरांच्या मदतीसाठीच आहे, त्यात घरच्यांवर तक्रार केल्यासारखं काही नाही. तुम्ही कितीही ओळखीच्या असलात तरी लेकराला स्वतःच्या गाडीवर बसवून घरी सोडायला जाऊ नका. रस्त्यात काही झालं, घर बंद निघालं, उद्या कुणी वेगळंच बोललं, तर तुमच्या बाजूनं साक्षीदार नसतो. आणि "मी तिचा मामा आहे" म्हणणारा आला, नाव अर्जावर नसलं, तर घरी फोन झाल्याशिवाय लेकरू सोडायचं नाही. तो रागावला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी आईबापाशी शांतपणे बोला. तिसऱ्यांदा तेच झालं तर मंडळाच्या एका सदस्यासमोर बसवून बोला. तुमच्या थांबलेल्या अर्ध्या तासाची बदली सुट्टी मंडळानं द्यायला हवी, तेही ठरावात घाला. फुकटच्या चांगुलपणावर चालणारा नियम दोन महिन्यांत मोडतो.

लेकरू दिसेनासं झालं तर आधी मुख्य दारात एक माणूस उभा करा. मग पाण्याच्या जागा आधी पाहा: हौद, टाकी, मागची विहीर. त्यानंतर संडास, रॅकमागच्या गल्ल्या, गच्ची, आणि मग रस्ता. बहुतेक लोक उलट करतात, आधी रस्त्यावर धावतात. दहा मिनिटांत सापडलं नाही तर ११२ला फोन करा. लेकराच्या अंगावर काय कपडे होते ते सांगता आलं पाहिजे.

आता ते गृहस्थ. त्यांच्या मनात काही असेल किंवा नसेलही. वर्तमानपत्रांचं स्टँड बालविभागाजवळ असेल तर ते तिथं बसणारच, म्हणून पहिलं स्टँड हलवा. मग फलक लावा: "हा विभाग लेकरांचा आणि त्यांच्यासोबत आलेल्यांचा आहे." आणि त्यांना सरळ सांगा, "काका, उद्यापासून इथं फक्त लेकरं बसणार आहेत. तुमच्या पेपरची सोय खिडकीजवळच्या टेबलावर केली आहे." कारण विचारलं तर "मंडळाचा नियम आहे" एवढंच. आरोप नको, खुलासाही नको. साधा माणूस जागा बदलतो. तरी ते तिथंच घुटमळत राहिले, एकाच लेकराला चॉकलेट देऊ लागले, मोबाइल दाखवू लागले, फोटो काढू लागले, बाजूला नेऊ लागले, तर तारीख-वेळ घालून लिहून ठेवा, अध्यक्षांना सांगा आणि पोलीस ठाण्यात कळवा. एवढं मात्र ध्यानात असू द्या की लेकरांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचा, विश्वासातला माणूस असतो. म्हणून अनोळखी चेहऱ्यावर डोळा ठेवून भागत नाही, नियम सगळ्यांना लागतो.

फोटोंचंही तेच. वाचन प्रेरणा दिनाला १५ ऑक्टोबरला कार्यक्रम होतो, पाहुणे फोटो काढतात, आणि संध्याकाळपर्यंत लेकरांची नावं, शाळा आणि चेहरे अख्ख्या तालुक्याच्या ग्रुपवर फिरतात. घरच्यांनी लिहून परवानगी दिल्याशिवाय चेहरा दिसेल असा फोटो टाकायचा नाही आणि नावासोबत शाळा लिहायची नाही. कॅमेरा लावायचाच तर दारावर आणि गल्ल्यांवर लावा, संडासाच्या वाटेवर नको. आणि कॅमेरा लावला म्हणून आपली नजर काढून घेऊ नका, तो घडून गेलेलं दाखवतो.

एखाद्या लेकरानं तुम्हाला काही सांगितलंच, तर हा भाग नीट वाचा. त्याचं पूर्ण ऐका. "खरं सांग", "तू तिथं गेलीसच कशाला" असं काही म्हणू नका. पुन्हा पुन्हा विचारू नका, तपास पोलिसांचा आहे. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं बोला. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. मग लगेच लेकराच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. अठरा वर्षांखालच्या कुणावरही लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. दडवलं तर कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा झाकला तर ती वाढते. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र कायदा कसलीही जबाबदारी टाकत नाही. "गावातलं गावात मिटवू", "पोरीच्या लग्नाचं काय", "वाचनालयाचं नाव खराब होईल" हे तिन्ही तुमच्या कानावर येतील. त्या माणसाला बोलावून समजूत घालू नका, दोन्ही घरांची बैठक लावू नका. त्यानं लेकरू गप्प बसतं आणि पुरावा जातो. लेकराचं नाव तुमच्या तोंडून पोलीस आणि घरचे सोडून कुणाकडंही जाता कामा नये. त्रास देणारा घरातलाच असेल तर घरीही आधी सांगू नका. १०९८ला विचारा, ते बालकल्याण समितीपर्यंत नेतात.

वागणुकीकडं येऊ. लेकरू पळतं कारण समोर सरळ मोकळी वाट असते. हॉलच्या मधोमध सतरंजी अंथरून बसायची जागा करा, वाट तुटली की पळणं निम्म्यावर येतं. पाऊण तासाचं वेळापत्रक ठेवा. पहिली वीस मिनिटं पुस्तक बदलायला, पंधरा मिनिटं कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं, दहा मिनिटं चित्र किंवा कोडं. वाचून दाखवताना पुस्तक लेकरांकडं तोंड करून धरायचं आणि दंगेखोर पोराला पान उलटायचं काम द्यायचं. त्याला खरंच काम हवं असतं. माठ किंवा जार लेकराच्या उंचीवर ठेवा, नाहीतर दर पाच मिनिटांनी कुणीतरी पाणी मागत येतं.

बोलताना लांबून ओरडू नका. जवळ जा, खाली बसा, नाव घ्या, आणि काय करायचं ते सांगा: "चालत ये", "हळू बोल", "पुस्तक दोन हातांनी धर". "पळू नको" ऐकल्यावर लेकराच्या कानात पळणंच राहतं. दुसऱ्यांदा झालं तर जागा बदला, जोडी फोडा. तिसऱ्यांदा घरी फोन करा आणि न्यायला येईपर्यंत आत बसवा. रागाच्या भरात रस्त्यावर काढायचं नाही, बाहेर उसाचे ट्रॅक्टर आणि एसट्या धावत असतात. हात उगारणं, कान पिळणं, उन्हात उभं करणं, नाव फलकावर लिहिणं, यातलं काहीही चालणार नाही, शिपायाच्या हातूनही नाही. लेकरू आपल्या ताब्यात असताना त्याला मारहाण किंवा छळ केला तर २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तो गुन्हा ठरतो.

अभ्यासिकेतल्या मुलांची तक्रार खरी आहे, तीही ऐका. त्यांची परीक्षा जवळ आलेली असते, घरी बसायला जागा नसते. नऊ ते अकरा लेकरांचे आहेत हे त्यांनाही लिहून दाखवा. उरलेल्या दिवसात एकटी लेकरं येणार नाहीत. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट लावा, फरफटण्याचा आवाज लेकरांच्या बोलण्याहून जास्त टोचतो. मधे दार बसवता येत नसेल तर पुस्तकांनी भरलेली दोन उंच कपाटं आडवी लावा, भिंतीला बांधूनच. भरलेलं कपाट आवाज बऱ्यापैकी अडवतं.

ठराव एका पानाचा करा: वयाची अट, बालविभागाची वेळ, अर्ज, दोन मोठ्यांचा नियम, न्यायला न आल्यास काय करायचं, फोटोंची परवानगी, आणि पॉक्सोखाली कळवायची जबाबदारी कुणाची. अध्यक्ष आणि सचिवांची सही घ्या, एक प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना द्या. दारावर मात्र चारच ओळी लावा, मोठ्या अक्षरात, आणि पहिली ओळ "लेकरांनो, या" अशी असू द्या.

राहिली फाटलेली पुस्तकं. लेकराकडून दंड घेऊ नका. दंडाच्या धाकानं फाटलेलं पुस्तक लपवलं जातं, नाहीतर लेकरूच यायचं बंद होतं. "फाटलेलं पुस्तक इथं ठेवा" असं लिहिलेला खोका टेबलावर ठेवा. चिकटपट्टी लावू नका, वर्षा-दोन वर्षांत ती पिवळी पडते आणि कागदच खाते. एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, की खळ तयार. बाइंडिंगवाले त्यात मोरचूद घालतात म्हणजे कीड लागत नाही, पण मोरचूद विषारी आहे, लेकरांच्या हातात जाणाऱ्या पुस्तकाला ती खळ वापरू नका. त्याऐवजी थोडीच करा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. पातळ टिश्यू कागदाची बोटभर रुंद पट्टी खळीनं फाटक्या रेषेवर बसवा, वर-खाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा आणि रात्रभर जड पुस्तकाखाली दाबा. दहाच्या पुढची लेकरं हे काम छान करतात. आठवड्यातला एक तास त्यालाच द्या.